सकाळचा पहिला स्टार्ट

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना जो आवाज करते, तो आवाज सर्व्हिस सेंटरमध्ये कधीच ऐकू येत नाही. येणार कसा? घरून निघून तिथे पोचेपर्यंत पाऊण तास ट्रॅफिकमध्ये गेलेला असतो, इंजिन चांगलं तापलेलं असतं, ऑईल जिथे जायला हवं तिथे सगळीकडे पोचलेलं असतं. मग इस्त्रीच्या शर्टातला सर्व्हिस ॲडव्हायजर बॉनेट उघडायला लावतो, दोन वेळा रेस करून बघतो, कान देऊन ऐकल्यासारखं करतो आणि म्हणतो, "सर, कुठंय आवाज? एकदम स्मूथ आहे." आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात. असं म्हणणाऱ्या डेव्हलपरबद्दल टेस्टिंगवाले चहाच्या टपरीवर काय बोलतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही. :-)

तर मंडळी, आज जरा गाडीबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना सुटता येईल. सुरू होताना येणाऱ्या आवाजावर आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात. एक, "नॉर्मल आहे". दुसरं, "किट बदलावं लागेल". आणि दोन्ही उत्तरं देणाऱ्याने तो आवाज स्वतःच्या कानाने ऐकलेला नसतो. या दोन उत्तरांच्या मध्ये जे तपासायचं असतं ते कुणी तपासत नाही, कारण त्यासाठी गाडी रात्रभर ठेवून घ्यावी लागते आणि सकाळी कुणीतरी वेळेवर येऊन शेजारी उभं राहावं लागतं. त्याचं बिल फाडता येत नाही.

आता माझी केस. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१६ची, मी २०२१मध्ये सेकंडहँड घेतली. ह्या हिवाळ्यात सकाळी सेल्फ मारला की इंजिन पकडायचं आणि पकडल्या पकडल्या 'खडखडखड' व्हायचं. पत्र्याच्या डब्यात चार फुटाणे घालून डबा हलवावा तसं. दोन-अडीच सेकंद, की गायब. मग दिवसभर काही नाही. एका सर्व्हिस सेंटरने वरचा 'स्मूथ' डायलॉग मारला. दुसऱ्या, मोठ्या काचेच्या वर्कशॉपमध्ये मी फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. तिथल्या माणसाने आठ सेकंद ऐकलं आणि टायमिंग चेन, टेन्शनर, गाईड, लेबर मिळून एकतीस हजारांचं एस्टिमेट काढलं. बॉनेट उघडलं नाही. एकाच आवाजाचं एक उत्तर शून्य रुपये आणि एक एकतीस हजार! एवढ्या फरकाची दोन उत्तरं एखाद्या एस्टिमेशन मीटिंगमध्ये आली असती तर मॅनेजरने दोघांनाही आधी रिक्वायरमेंट वाचायला पाठवलं असतं.

पैसे वाचवायचे म्हणून 'नॉर्मल'वर विश्वास ठेवावा, तर तेही जमेना. आमच्या टीममधल्या एकाच्या गाडीत अगदी असाच आवाज यायचा. त्यालाही 'नॉर्मल' सांगितलं होतं. सहा-सात महिन्यांत त्याचा दोन सेकंदांचा आवाज पाच सेकंदांचा झाला, मग गरम इंजिनलाही यायला लागला. एक दिवस खराडीच्या सिग्नलला गाडी बंद पडली ती पडलीच. चेन दात सोडून सरकली होती, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले. बिलाचा आकडा गाडीच्या किमतीच्या इतका जवळ होता की पठ्ठ्याने गाडी आहे त्या अवस्थेत विकून टाकली. हे सिग्नलला झालं म्हणून ठीक, एक्सप्रेसवेवर बोगद्यात झालं असतं तर? त्यामुळे 'नॉर्मल आहे' हे वाक्य मला फुकट वाटत नाही.

या प्रकरणात आत नक्की काय चालतं ते थोडक्यात बघू. (ज्यांचं मेकॅनिकल आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मी कॉम्प्युटरवाला, त्यामुळे मला हे नव्याने शिकायला लागलं.) इंजिन बंद केलं की ऑईल हळूहळू खाली, तळाच्या सम्पमध्ये उतरतं. सकाळी सेल्फ मारता तेव्हा पंपाने ते पुन्हा वर चढवायचं असतं. प्रेशर तयार होईपर्यंतचा जो सेकंद-दीड सेकंद असतो त्यात बेअरिंगवर ऑईलचा पूर्ण थर नसतो, फक्त काल रात्रीचं चिकटून राहिलेलं ऑईल असतं. आता टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑईलच्याच प्रेशरवर चालतो. आत एक स्प्रिंग असते, बऱ्याच वेळा मागे न सरकू देणारा खाचांचा दांडा असतो, पण खरा जोर ऑईलचा. प्रेशर नाही तोपर्यंत चेन ढिली, आणि ढिली चेन प्लॅस्टिकच्या गाईडवर आपटते. तोच तो फुटाण्यांचा डबा. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर तेही रात्रीतून रिकामे होतात आणि ऑईल भरेपर्यंत टिकटिकतात. आणि ज्या गाड्यांत व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग आहे, तिथे कॅमशाफ्टच्या टोकाला फेजर नावाची एक तबकडी असते. तिची लॉक पिन झिजली की तीही प्रेशर येईपर्यंत खडखडते.

म्हणजे बघा, आवाज एकच पण त्यामागे दोन वेगळे प्रश्न लपलेत. ऑईल पोचायला उशीर होतोय का? की ऑईल वेळेवर पोचतंय पण चेन किंवा टेन्शनरच झिजलाय? पहिल्याचा खर्च काही शेकड्यांत, दुसऱ्याचा दहा हजारांच्या पटीत. फोनवरचं आठ सेकंदांचं रेकॉर्डिंग ऐकून हे वेगळं करता येत नाही, कितीही अनुभवी कान असला तरी.

मग मी दोन आठवडे लॉग ठेवला. हसू नका. एक्सेलमध्ये चार कॉलम: गाडी किती तास उभी होती, बाहेरचं तापमान, आवाज किती सेकंद, आणि शेरा. फोन रोज एकाच जागी, डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून रेकॉर्डिंग. (सोसायटीचा वॉचमन पहिले तीन दिवस शेजारी येऊन उभा राहायचा. चौथ्या दिवशी त्याने मला वेड्यात काढून नाद सोडला.) चित्र असं निघालं: आठ तासांपेक्षा जास्त उभी असेल तर आवाज दोन ते तीन सेकंद. चार तास उभी असेल तर एखादा सेकंद, कधी तेवढाही नाही. जेवायला जाऊन तासाभराने आलो तर काहीच नाही. तापमान अकरा डिग्री असो की सतरा, फरक जवळपास शून्य. म्हणजे थंडीचा संबंध कमी आणि उभं राहण्याचा जास्त. ऑईल कुठूनतरी हळूहळू गळून खाली उतरतंय असा संशय यायला एवढं पुरे होतं. सिद्ध काही झालेलं नव्हतं, पण आता विचारायला नेमका प्रश्न तरी हातात होता.

हा लॉग घेऊन मी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. पत्र्याची शेड, बाहेर दोन रिक्षा उघडून ठेवलेल्या, आत देवाचा फोटो आणि ग्रीसने काळं झालेलं कॅलेंडर. मी आपला प्रिंटआउट पुढे केला. काकांनी चष्मा वर करून कागद बघितला आणि विचारलं, "हे आकडे तुम्हीच लिहिले?"

"हो काका."

"मग गाडी आज इथेच ठेवा. उद्या सकाळी साडेसातला या. तुम्ही आल्याशिवाय मी चावी लावत नाही."

एवढंच. हे वाक्य मला दोन वातानुकूलित वर्कशॉपमध्ये मिळालं नव्हतं.

सकाळी त्यांनी आधी डिपस्टिक काढून ऑईलची पातळी बघितली. बरोबर होती. (ही पहिली पायरी आहे आणि फुकट आहे. पातळी कमी असेल तर पुढचं सगळं निरर्थक.) मग एकदा नेहमीसारखी सुरू केली, कान चेनच्या बाजूला. आवाज ऐकला, लगेच बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं आणि मला फार आवडलेली गोष्ट केली. फ्युएल पंपाचा फ्यूज काढला आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारला. पेट्रोलच नाही तर इंजिन सुरू होणार नाही, नुसतं फिरणार, पण फिरता फिरता पंप ऑईल वर चढवणार. मग फ्यूज लावला आणि गाडी सुरू केली. चिडीचूप! म्हणजे प्रेशर आधीच असेल तर आवाज नाही. एक व्हेरिएबल बाजूला काढून दाखवला त्यांनी, आणि त्यांना व्हेरिएबल हा शब्दसुद्धा माहीत नसावा. (हा प्रयोग घरी करायचाच असेल तर सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, मोटर जळते. खरं तर मिस्त्रीकडूनच करून घ्या.)

यातून एवढंच कळतं की आवाज प्रेशर यायला लागणाऱ्या वेळेतला आहे. चेन ठणठणीत आहे असं त्यातून सिद्ध होत नाही, झिजलेली चेनही प्रेशर आलं की गप्प बसते. म्हणून पुढे स्कॅनर लावला. क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकला असेल तर इंजिनचा कॉम्प्युटर पी००१६ किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादा कोड टाकतो. असा कोणताच कोड नव्हता, पेंडिंगमध्येही नाही. चेन थोडी लांबली तरी लगेच कोड येतोच असं नाही, हेही काकांनीच सांगितलं. पण स्वस्तातलं आधी बघायचं म्हटल्यावर पुढचा नंबर ऑईल फिल्टरचा.

माझ्या इंजिनात फिल्टर आडवा बसतो. आडव्या फिल्टरमधलं ऑईल इंजिन बंद झाल्यावर मागे वाहून जाऊ नये म्हणून आत रबराची एक चकती असते. कडेच्या बारीक छिद्रांतून ऑईल आत येऊ शकतं, उलटं बाहेर जाऊ शकत नाही. काकांनी माझा जुना फिल्टर काढून तो आडवा धरला, तर छिद्रांतून ऑईलची धार लागली. मग मी नाना पेठेतून आणलेला नवा, चांगल्या कंपनीचा फिल्टर घेतला, त्यात थोडं ऑईल ओतलं, आडवा धरला. थेंब नाही. जुन्यातली रबरी चकती बोटाने दाबली तर पापडासारखी कडक. फिल्टर कुठलातरी बिननावाचा, आधीच्या सर्व्हिसला एका वर्कशॉपने घातलेला. बिलावर अर्थात 'जेन्युइन' असं लिहिलेलं आहे, ते बिल माझ्याकडे अजून आहे.

इथे मी अडून बसलो की फक्त फिल्टर बदलायचा, ऑईल आत्ता नाही. काकांना ते जरा विचित्र वाटलं, "एकदाच करून टाका ना साहेब", पण ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज अडीच सेकंदांवरून साधारण अर्ध्या सेकंदावर. आठवडाभर तसाच. मग ऑईल. आधीच्यांनी २०डब्ल्यू-५० भरलं होतं. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो, जितका लहान तितकं बरं. दुसरा आकडा शंभर डिग्रीला ते किती घट्ट राहतं त्याचा. "आपल्याकडे गरमी जास्त, जाड ऑईल चांगलं" हे पुण्यात निम्म्या गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, आणि जुन्या इंजिनांच्या बाबतीत ते अगदीच चूक नव्हतं. पण आताच्या इंजिनांतल्या बारीक वाटा आणि टेन्शनर पातळ ऑईल धरून बनवलेत. पुस्तकात जो ग्रेड आहे तो घाला, विषय संपला. ऑईल बदलल्यावर माझा आवाज जो गेला तो आजपर्यंत आलेला नाही. फिल्टर, ऑईल, काकांची मजुरी सगळं धरून साडेतीन हजारांच्या आत. त्यातलं ऑईल तर कधी ना कधी घालायचंच होतं.

आता तुम्ही म्हणाल, एकाच वेळी सगळं बदललं असतं तरी आवाज गेलाच असता की. गेला असता! पण कशाने गेला ते कळलं नसतं, आणि हीच तर गोम आहे. त्या काचेच्या वर्कशॉपमध्ये एकतीस हजारांत चेन बदलताना नवं ऑईल आणि नवा फिल्टरही घातलाच असता. दुसऱ्या दिवशी आवाज गायब. मी खूश, ते खूश, आणि 'बघा, चेनच होती' यावर दोघांचं एकमत. फिल्टर मात्र कुणाच्या लक्षातही आला नसता. आवाज गेला म्हणजे निदान बरोबर होतं, असं आपण फार पटकन धरून चालतो. इंजिन फ्लश, डीकार्बोनायझेशन, ऑईलमध्ये टाकायच्या छोट्या बाटल्या, हा सगळा बाजार याच गोंधळावर चालतो असं माझं स्पष्ट मत आहे. बाटली ओतली, त्याच वेळी ऑईलही बदललं, श्रेय बाटलीला!

बाकीच्या आवाजांबद्दल थोडं, कारण हापिसात हे सांगितल्यापासून लोक मला फोनवर काय काय ऐकवायला लागलेत. काही तर चक्क तोंडाने काढून दाखवतात. सगळ्यांत जास्त घाबरतात ते मुळात दोष नसलेल्या आवाजांना. सकाळी इंजिन हजारच्या वर, कधी बाराशे-पंधराशेवर फिरतं आणि मिनिटभरात खाली येतं, तर ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून मुद्दाम केलेलं असतं. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून बारीक 'झूं' येतं तो पेट्रोलचा पंप. गाडी निघाल्यावर पहिल्या काही मीटरमध्ये 'खट्ट' झालं तर बहुतेक एबीएसने स्वतःची तपासणी केली. डिझेलवाल्यांनी सकाळच्या कडकडाटाला इतकं मनावर घेऊ नये. थंड सिलिंडरमध्ये फवारलेलं डिझेल पेट घ्यायला जरा उशीर लावतं आणि मग साठलेलं एकदम पेटतं, म्हणून तो आवाज. आपल्या रांजणगावातही बनलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट, ज्याला कौतुकाने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे, त्यात आधी थोडंसं डिझेल फवारून मग मुख्य फवारा सोडण्याची युक्ती होती, ती याचसाठी. तरी सकाळी ते वाजायचंच, स्विफ्टमध्ये असो की इंडिका व्हिस्टामध्ये.

इंजिन पकडायच्या आधीच आवाज असेल तर चेन-बिनचा संबंध नाही, सेल्फकडे बघा. भराभर 'कटकटकट' आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. एकच 'टक्' आणि शांतता, तर सेल्फचे कॉन्टॅक्ट. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, तर आतला एकतर्फी क्लच. आणि सुरू झाल्यावरही दाताला दात घासल्यासारखी किंचाळी चालू राहिली तर बंद करा ताबडतोब, पिनियन मागे आलेला नाही, फ्लायव्हीलचे दात खाईल.

एक जोडी मात्र खरंच फसवी आहे. थंड इंजिनला 'टक टक टक' असा आवाज, इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारा, चार-पाच मिनिटांत विरून जाणारा. हे थंड पिस्टन सिलिंडरमध्ये डुलतंय म्हणूनही होतं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलंय म्हणूनही होतं. दोन्हीकडे धातू तापून फुगला की फट बुजते, म्हणून दोन्ही आवाज सारख्याच वेळात जातात. पिस्टनचं डुलणं हलकं असेल तर अशा गाड्या वर्षानुवर्षं चालतात. मॅनिफोल्डची गळती मात्र सोडून देऊ नका, कारण तो धूर एसीच्या वाटेने आत येऊ शकतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो. जोडाच्या कडेला काजळीचे काळे पट्टे दिसले तर गळती समजा. आणि ही तपासणी बंद बेसमेंटमध्ये उभं राहून करू नका, प्लीज. जड, खोल 'ठक ठक' असेल, गरम झाल्यावरही राहत असेल आणि ॲक्सिलरेटर दिला की वाढत असेल, किंवा ऑईलचा लाल दिवा लागलाच असेल, तर लॉग वगैरे काही नको. इंजिन बंद, टोइंगला फोन.

पावसाळ्यातली चिरचिर हा वेगळाच करमणुकीचा विषय. पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर स्प्रेने थोडं पाणी मारून बघतात. आवाज वाढला तर पट्टा ढिला, थांबून थोड्या वेळाने परत आला तर एखादी पुली तिरकी. केस, ओढणी, शर्टाची बाही, सगळं लांब ठेवून. आणि सेल्फ मारण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय लावा. पावसात मांजरं उबेला इंजिनजवळ येऊन बसतात. त्या आवाजाचं निदान कुणालाच करायला लागू नये.

आता शेवटी आमच्या बिरादरीच्या आवडीची गोष्ट. फोर्डची अमेरिकेतली एफ-१५० पिकअप, २०१७ ते २०२० मॉडेल, ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिन. रात्रभर उभी राहून सुरू केली की दोनेक सेकंद खडखड, कारण तो मघाचा फेजर. कंपनीने २०२१मध्ये यासाठी इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर अपडेट काढलं. खडखडीवर पॅच! वाचलं तेव्हा आनंदाने मी खुर्चीतून उठलो होतो. पण ज्या गाड्यांत आवाज राहिला त्यांचे फेजर बदलून देण्याची सोयही फोर्डला वेगळी करावी लागली. झिजलेल्या लोखंडावर कोडने कितपत इलाज होतो ते आपल्यासारख्यांना कुणी सांगायला नको, प्रॉडक्शनमध्ये आपणही अशा पट्ट्या बांधल्यात. तरी एक गोष्ट तिथे बरी झाली. अनेक मालकांनी एकच गोष्ट नीट लिहून कळवली: किती तास उभी, किती सेकंद आवाज, कुठून. 'गाडी आवाज करते' एवढंच सगळ्यांनी लिहिलं असतं तर 'नॉर्मल आहे'च्या पुढे ते प्रकरण गेलं असतं असं मला वाटत नाही.

म्हणून सर्व्हिसला जाल तेव्हा जॉब कार्डावर 'इंजिन नॉइज चेक' एवढं लिहू देऊ नका. वाक्य तुम्ही सांगा आणि तसंच्या तसं टाईप करून घ्या: "आठ तास उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला, इंजिन पकडल्यानंतर अडीच सेकंद, टायमिंग चेनच्या बाजूने खडखड. गरम इंजिनला येत नाही. गाडी रात्रभर ठेवून सकाळी ग्राहकासमोर सुरू करणे. परवानगीशिवाय पार्ट बदलू नये. काढलेले पार्ट परत द्यावेत." ॲडव्हायजर तोंड वाकडं करतो, "सर, सिस्टिममध्ये एवढं बसत नाही" म्हणतो. बसतं. रिमार्कचा रकाना असतो, तिथे बसतं. गाडी वॉरंटीत असेल तर हा कागद जपून ठेवाच. उद्या वॉरंटी संपल्यावर आवाज वाढला तर तक्रार आधीची आहे हे त्या एका कागदावर ठरतं. आमच्या टीममधल्या त्या गाडीच्या जॉब कार्डावर 'जनरल चेकअप' लिहिलेलं होतं.

माझ्या गाडीच्या एक्सेलमध्ये सध्या नवा टॅब उघडलाय. या आठवड्यात पट्ट्याची चिरचिर सुरू झाली आहे. काल पाणी मारून बघितलं, थांबली आणि अर्ध्या मिनिटाने परत आली. पुढच्या शनिवारी साडेसातला काकांकडे.